अद्वैतसाधना आणि व्यक्तिमत्त्वविकार : वैद्याने ओळखावयाचे अडथळे

प्रस्तावना

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मांजरसुंबा ओलांडले की चौसाळा लागते. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. पूर्वेस अंबाजोगाईत मुकुंदराज व दासोपंत यांची स्थाने आहेत. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. मराठीतील अद्वैतविचाराचा इतका जुना वारसा ज्या भूमीला लाभला, तेथील रुग्णाने आपली व्यथा 'माया', 'मिथ्या', 'मी देह नाही' अशा शब्दांत मांडली तर त्यात नवल नाही. निद्रानाश, अग्निमांद्य, अंगमर्द अशा तक्रारी घेऊन आलेला मनुष्य बोलता बोलता साधनेविषयी सांगू लागतो, आणि वैद्यालाही ते ऐकून बरे वाटते.

नेमक्या याच ठिकाणी आपली चूक होण्याचा संभव असतो. साधनेची भाषा बोलणारा प्रत्येक जण साधक असतोच असे नाही. तसेच जो खरोखर साधक आहे, त्याच्याही व्यक्तिमत्त्वात असा एखादा दोष असू शकतो की जो साधनेला आतून पोखरतो. प्रस्तुत लेखात हा विषय चरकसंहिता, महाराष्ट्रातील संतपरंपरा आणि आधुनिक मानसशास्त्र या तिन्हींच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. अद्वैताचे खंडन अथवा मंडन हा लेखाचा हेतू नाही. वैद्यबंधुभगिनींना चिकित्सालयात आणि औषधविक्रेत्यांना दुकानात उपयोगी पडेल तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

एक चूक

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो, हे आधी सांगितले पाहिजे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काही वर्षांपूर्वी विशीतला एक तरुण मलावष्टंभ व अरुचीसाठी माझ्याकडे येत असे. अल्पभाषी, शांत, डोळे खाली. तो तासन्‌तास एका जागी बसतो, मित्रांकडे जात नाही, लग्नाचा विषय काढला की 'हे सगळे मिथ्या आहे' म्हणतो, असे त्याचे वडील सांगत. मी त्याची नाडी पाहिली, कोष्ठ विचारला, आणि वडिलांसमोर म्हणालो की या वयात असे वैराग्य भाग्यानेच लाभते. घरच्यांची काळजी मिटली. काही महिन्यांनी त्याने कीटकनाशक प्राशन केले. सुदैवाने तो वाचला. मनोविकारतज्ज्ञांनी सविस्तर इतिहास घेतला तेव्हा कळले की लहानपणापासूनच त्याला कोणाशी जवळीक नव्हती. आनंदाच्या प्रसंगी आनंद नाही, रागाच्या प्रसंगी राग नाही, असा त्याचा स्वभाव होता, आणि त्यावर शेवटच्या वर्षभरात खोल औदासीन्याची भर पडली होती. वडील मला म्हणाले, "डॉक्टर, पोरगं देवाच्या वाटंला लागलं म्हणून आम्ही गप राह्यलो." ते गप्प राहिले, कारण मी त्यांना तसे सांगितले होते.

मी त्या तरुणाला एकही प्रश्न विचारला नव्हता. 'हे कधीपासून आहे?' एवढे जरी विचारले असते तरी चित्र वेगळे दिसले असते.

व्यक्तिमत्त्वविकार म्हणजे काय

प्रत्येक मनुष्याची विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि इतरांशी वागण्याची एक ठरावीक धाटणी असते. ही धाटणी जेव्हा इतकी ताठर होते की प्रसंग बदलला तरी ती बदलत नाही, नातेसंबंध व कामकाज वारंवार मोडते, आणि स्वतःला व इतरांना दीर्घकाळ क्लेश देते, तेव्हा तिला व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात. त्याचा आरंभ बहुधा किशोरावस्थेत वा तारुण्याच्या प्रारंभी होतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात असे दहा प्रकार दिले आहेत. संशयी, विलग, विक्षिप्त, समाजविघातक, बॉर्डरलाइन म्हणजे सीमावर्ती, नाटकी, आत्मप्रौढ, भिडस्त, परावलंबी आणि अतिआग्रही, अशी त्यांची नावे मराठीत देता येतील. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, हे वेगवेगळे कप्पे बहुतांशी काढून टाकले. आता विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे प्रथम ठरवतात, आणि मग कोणती लक्षणे प्रबळ आहेत ते पाहतात. लक्षणांचे पाच गट केले आहेत : नकारात्मक भावनांचा अतिरेक, विलगता, समाजविघातकता, असंयम आणि अतिआग्रह. सीमावर्ती स्वरूपाची नोंद मात्र स्वतंत्रपणे करता येते. ही अवस्था साधारण दोन वर्षे वा अधिक काळ टिकलेली असावी असेही सांगितले आहे. त्यामुळे एका भेटीत, एका भांडणावरून अथवा एका शोकावरून हे निदान करता येत नाही.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हा बदल परका वाटू नये. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात्त्विक सत्त्वाचे सात, राजसाचे सहा व तामसाचे तीन असे सोळा भेद सांगितले. त्याच ठिकाणी हे भेद वस्तुतः असंख्य आहेत, असेही बजावले. आसुर सत्त्वाच्या वर्णनात असूया, निर्दयता आणि आत्मपूजा येतात. शाकुन सत्त्वात अस्थिरता व असहिष्णुता येतात. सार्प सत्त्व क्रोधात शूर आणि एरवी भित्रे असते. ही वर्णने वाचताना आधुनिक प्रकारांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि 'आसुर सत्त्व म्हणजेच आत्मप्रौढ विकार' असे समीकरण मांडणे अशास्त्रीय होईल. सत्त्वभेद हा स्वभावाचा विचार आहे, तर विकार हे नाव स्वभावाने जीवन मोडू लागल्यावर द्यावयाचे आहे. उन्मादाशीही त्याची गल्लत करू नये. उन्मादात मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार इत्यादींचा विभ्रम होतो, म्हणजे पूर्वी नीट असलेले बिघडते. व्यक्तिमत्त्वविकारात ती धाटणी मुळापासूनच तशी घडत आलेली असते.

चरकोक्त आठ अडथळे

मोक्षमार्गातील अडथळ्यांचा विचार वेदान्ताचा, आपला नव्हे, असा एक समज वैद्यांत आहे. तो दूर करण्यासाठी शारीरस्थानाचा पाचवा अध्याय, पुरुषविचय, पुन्हा वाचावा. लोक आणि पुरुष यांचे साम्य सांगून झाल्यावर आचार्य मोह, इच्छा, द्वेष व कर्म यांतून प्रवृत्ती होते असे म्हणतात, आणि त्या प्रवृत्तीतून उपजणारे आठ भाव सांगतात. ते असे :

१. अहंकार : जात, रूप, वित्त, बुद्धी, विद्या, कुल, वय, प्रभाव यांनी मी संपन्न आहे ही भावना.
२. संग : मोक्षाला उपकारक नसलेली कायिक, वाचिक व मानसिक कर्मे.
३. संशय : कर्मफल, मोक्ष, आत्मा, परलोक आहेत की नाहीत ही द्विधा.
४. अभिसंप्लव : सर्व अवस्थांत मीच आहे, मीच निर्माता, मी स्वभावतःच सिद्ध, देह-इंद्रिय-बुद्धी-स्मृतींचा समूह तोच मी, असे मानणे.
५. अभ्यवपात : आई, वडील, भाऊ, पत्नी, मुले, मित्र हे माझे आणि मी त्यांचा, असे गुंतणे.
६. विप्रत्यय : कार्य-अकार्य, हित-अहित, शुभ-अशुभ यांविषयी उलटा आग्रह.
७. अविशेष : ज्ञानी-अज्ञानी, प्रकृती-विकार, प्रवृत्ती-निवृत्ती यांतील भेद न दिसणे.
८. अनुपाय : उपवास, प्रोक्षण, वारंवार स्नान, होम, अग्निजलप्रवेश इत्यादींनाच मोक्षाचा उपाय समजणे.

या यादीतील चौथा व सातवा भाव विशेष मननीय आहेत. 'मी स्वभावतःच सिद्ध आहे', 'सर्वत्र मीच आहे' ही वाक्ये वरवर पाहता अद्वैताच्या सिद्धान्तासारखीच वाटतात. परंतु ज्या 'मी'विषयी ती बोलली जातात तो 'मी' देह-बुद्धीचाच असेल, तर आचार्य त्याला अडथळ्यांत गणतात. वाक्य एकच असले तरी बोलणारा कोण यावर ते ज्ञान की रोग हे ठरते. तसेच सर्व भेद मिटले असे म्हणणाऱ्याला प्रवृत्ती व निवृत्ती यांतला फरकच दिसत नसेल, तर ती समदृष्टी नसून दृष्टीचा अभाव आहे.

हे आठ भाव सर्व मनुष्यांत कमी-अधिक प्रमाणात असतात. ती रोगांची नावे नव्हेत. व्यक्तिमत्त्वविकार असलेल्या साधकात मात्र यांपैकी एखादा भाव इतका दृढ झालेला असतो की उपदेशाने तो सैल होत नाही. उलट उपदेशच गिळून तो पुष्ट होतो.

चार नमुने

विषय स्पष्ट व्हावा म्हणून पुढे चार नमुने देत आहे. ते कोणा एका रुग्णाचे वर्णन नाही.

आत्मप्रौढ साधक : याला 'अहं ब्रह्मास्मि' हे महावाक्य फार लवकर पटते. निरहंकाराची भाषा तो सफाईने बोलतो, परंतु सत्संगात दुसऱ्याची स्तुती झाली की अस्वस्थ होतो. टीका करणाऱ्याला तो 'अज्ञानी जीव' ठरवतो. पत्नीने घरखर्चाचा प्रश्न काढला तर ती मायेत अडकली आहे असे त्याचे उत्तर असते. येथे अहंकार व अभिसंप्लव एकत्र आले आहेत. बाहेरून हा अहंकार मोठा दिसला तरी आत तो फार ठिसूळ असतो. म्हणून लहानशा अवमानानेही तो कोसळतो अथवा संतापतो.

विलग साधक : वर सांगितलेला तरुण या प्रकारचा. त्याला एकांत जमतो, कारण सहवास कधी जमलाच नाही. भावना नसणे म्हणजे शम, आणि इच्छा न उमटणे म्हणजे वैराग्य, असे तो मानतो, आणि आपणही मानतो. हा अविशेष होय. येथे तमाला सत्त्व समजले जाते.

सीमावर्ती साधक : याच्या भावना क्षणात भरतात, क्षणात ओसरतात. आज गुरू साक्षात परमेश्वर, उद्या तोच ढोंगी. एकटे राहण्याचे भय तीव्र असते. 'मी कोण?' हा आत्मविचाराचा प्रश्न इतरांना आत घेऊन जातो, परंतु ज्याला आपण कोण हे व्यवहारातही ठामपणे कधी जाणवलेले नाही, त्याला तो प्रश्न पोकळीत लोटतो. त्या पोकळीला तो 'शून्यावस्था' म्हणतो. आपल्याच देहापासून तुटल्यासारखे वाटणे, जग स्वप्नवत् भासणे ही लक्षणे अशा रुग्णांत तणावाच्या वेळी दिसतात. साक्षीभावात निर्भयता असते. येथे भय असते. स्वतःला इजा करण्याचा धोकाही याच प्रकारात विशेष संभवतो.

अतिआग्रही साधक : याची साधना वेळापत्रकात आणि सोवळ्यात अडकते. जपाची संख्या चुकली की पुन्हा आरंभ, उपवासावर उपवास, स्नानावर स्नान. घरातील सर्वांनी आपल्याच नियमाने चालावे असा हट्ट. हा अनुपाय होय. परावलंबी साधकाचा प्रकार याहून वेगळा. तो गुरूला विचारल्याशिवाय औषधाची गोळीही घेत नाही, आणि शरणागतीच्या नावाखाली निर्णय घेण्याचे टाळतो. तेथे अभ्यवपात प्रबळ असतो, केवळ आई-वडिलांच्या जागी गुरू आलेला असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८४ मध्ये या प्रवृत्तीला एक नाव दिले. मनातील न सुटलेले प्रश्न व जखमा यांना सामोरे जाण्याऐवजी अध्यात्माच्या वाटेने त्यांना वळसा घालणे, असा त्याचा आशय आहे. वेलवुड स्वतः ध्यानसाधना करणारे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वैराग्य आणि विलगता : भेद कसा करावा

पुढील गोष्टी विचाराव्यात व पाहाव्यात.

• काल : हा स्वभाव साधनेपूर्वी होता काय? वैराग्याला आरंभ असतो. विलगता बालपणापासून आढळते.
• करुणा : शेजारचे मूल पडले तर तो उठतो काय? विरक्ताची आसक्ती कमी होते, अनुकंपा कमी होत नाही. चरकाचार्यांनी मुमुक्षूच्या आचारात सर्व प्राण्यांकडे आपल्यासारखेच पाहणे आणि सर्वांना हितकर, अकठोर बोलणे यांचा समावेश केला आहे.
• कर्तव्य : घर, शेती, दुकान, आजारी आई यांकडे दुर्लक्ष झाले काय?
• अवमान : कोणी खोटे ठरवले तर काय होते?
• निद्रा, अग्नी, बल : साधनेने झोप शांत होते, भूक वेळेवर लागते. झोप उडाली, अन्न सुटले, वजन घटले तर ते रोगाचे चिन्ह समजावे. दोन-तीन दिवस झोप नाही तरी उत्साह ओसंडतो, खर्च व बडबड वाढली, 'मला साक्षात्कार झाला' असे तो म्हणतो, तर उन्मादावस्थेचा संशय घ्यावा.
• मरणाची इच्छा : हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. 'देह ठेवावासा वाटतो' या वाक्याकडे कधीही केवळ आध्यात्मिक उद्गार म्हणून पाहू नये. विचारल्याने आत्महत्येची कल्पना मनात रुजते हा समज चुकीचा आहे. बहुतेक रुग्णांना कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो.

संतपरंपरेची सावधगिरी

हे सारे आधुनिक काळाचे खूळ आहे असे कोणास वाटल्यास आपल्याच परंपरेकडे पाहावे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके थोपटून पाहिली, आणि नामदेव रागावले तेव्हा ते मडके कच्चे ठरले, ही कथा सर्वश्रुत आहे. देवाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भक्ताची परीक्षा त्याच्या अनुभवांवरून झाली नाही. थापटणे बसल्यावर तो कसा वागला यावरून झाली. कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. नामदेवांना कोणी टाकून दिले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पुढे संतांत अग्रगण्य झाले. कच्चे मडके भाजता येते.

एकनाथ महाराजांनी 'चिरंजीवपद' या छोट्या प्रकरणात साधकाच्या मार्गात लोकांकडून मिळणारा मान व स्तुती हे किती मोठे विघ्न आहे ते दाखविले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना प्रारंभीच अमानित्व आणि अदंभित्व येतात, आणि ज्ञानेश्वरीत त्यांचा विस्तार झाला आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास लिहिला. ज्ञान पाठ असूनही वर्तनात नसलेला मनुष्य त्यांना ठाऊक होता. योगवासिष्ठात तर अर्धजागृत मनुष्याला 'सर्व ब्रह्म आहे' असे सांगणाऱ्यालाच दोष दिला आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण निसर्गदत्त महाराजांचे (१८९७–१९८१). इंचगिरी परंपरेतील सिद्धरामेश्वर महाराजांची व त्यांची भेट १९३३ मध्ये झाली. १९३६ मध्ये गुरूंचे देहावसान झाल्यावर ते काही काळ भ्रमंतीला निघाले, परंतु परत मुंबईस येऊन संसार व विडीचे दुकान सांभाळू लागले. त्यांच्या संभाषणांचे मॉरिस फ्रीडमन यांनी केलेले इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशोदेशीचे जिज्ञासू खेतवाडीच्या त्या माळ्यावर येऊ लागले. निर्गुणाविषयी अत्यंत परखड बोलणारा हा पुरुष गृहस्थ आणि दुकानदार होता. 'तू देह नाहीस' हे वचन ऐकून घरदार टाकू पाहणाऱ्या तरुणाला ही गोष्ट अवश्य सांगावी.

शोधनापूर्वी स्नेहन

या सर्वांतील मूळ तत्त्व वैद्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण दुर्बल, रूक्ष, क्षीण रुग्णाला थेट वमन-विरेचन देत नाही. आधी बल पाहतो, पाचन देतो, स्नेहन-स्वेदन करतो, आणि बल नसेल तर बृंहण करून थांबतो. वाळलेले लाकूड तेल व ऊब दिल्यावाचून वाकवले तर ते मोडते. 'नेति नेति' हे मनाचे तीव्र शोधन आहे. त्यात 'मी'पणाच्या एकेका थराचा निरास होतो. ज्याचा व्यवहारातील 'मी' पुरेसा घट्ट व निरोगी आहे, त्यालाच हे शोधन सोसते. ज्याचा 'मी' लहानपणीच्या आघाताने, उपेक्षेने अथवा सततच्या ताटातुटीने कधी नीट घडलाच नाही, त्याच्यापुढे निरास करण्यासारखे काय आहे? त्याला आधी बृंहण हवे : नियमित दिनचर्या, विश्वासाचे एक-दोन संबंध, हाताला काम, आणि भावना ओळखून शब्दांत सांगण्याचा सराव. आपल्या भागात ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडणारी कुटुंबे अनेक आहेत. वर्षातील कित्येक महिने आई-वडिलांविना वाढलेल्या मुलाचा इतिहास घेताना याचा विचार व्हावा. अर्थात अशी सर्वच मुले विकारग्रस्त होतात असा याचा अर्थ नव्हे.

वेदान्तानेही हीच पायरी सांगितली आहे. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व हे साधनचतुष्टय असल्याशिवाय श्रवणाचा अधिकार नाही. अधिकार हा शब्द आज केवळ जातीपातीच्या वादात ऐकू येतो. त्याचा चिकित्सेतील अर्थ 'सोसण्याची क्षमता' असा घेतला तर तो प्रत्येक वैद्याला पटेल.

चिकित्सा

व्यक्तिमत्त्वविकारासाठी कोणत्याही वैद्यकशास्त्रात एकच असे नेमके औषध नाही. आधुनिक शास्त्रातही मानसोपचार हाच मुख्य उपचार असून औषधे सहवर्ती औदासीन्य, चिंता, निद्रानाश यांसाठी देतात. सीमावर्ती विकारासाठी मार्शा लिनेहॅन यांनी विकसित केलेली आणि १९९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेली उपचारपद्धती प्रसिद्ध आहे. तिच्यात ध्यानाचा अंशही आहे, परंतु तो लहान, डोळस आणि व्यवहाराशी जोडलेला आहे. दीर्घकाळच्या पाठपुराव्यांत अशा अनेक रुग्णांची लक्षणे कालांतराने बरीच कमी झालेली आढळली आहेत. म्हणून 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण रुग्णासमोर उच्चारू नये.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात अपस्माराच्या शेवटी अतत्त्वाभिनिवेश हा महागद वर्णिला आहे. त्यात बुद्धी विषम होऊन नित्य-अनित्य व हित-अहित यांचे विपरीत ग्रहण होते. तेथील उपचारक्रम आपल्या विषयाला जवळचा आहे. स्नेहन-स्वेदनपूर्वक शोधन, संसर्जनक्रम, मेध्य आहार, ब्राह्मीस्वरस, पंचगव्य घृत, शंखपुष्पी; आणि त्याबरोबर विश्वासू, अनुकूल, धर्म व अर्थ जाणणाऱ्या सुहृदांनी रुग्णाला विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांच्याशी जोडून देणे. औषध आणि मित्र दोन्ही सांगितले आहेत. सत्त्वावजयाचा, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याचा, हा प्रत्यक्ष प्रयोग होय.

व्यवहारात पुढील क्रम ठेवावा.

१. निद्रा व अग्नी प्रथम सुधारावेत. शिरोभ्यंग, पादाभ्यंग, आवश्यकतेनुसार शिरोधारा. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, ब्राह्मी घृत अथवा कल्याणक घृत प्रकृती व अग्नी पाहून.
२. दीर्घ उपवास, रात्रीची जागरणे, दीर्घ मौन व एकांतातील शिबिरे काही काळ थांबवावीत. साधना सोडण्यास सांगू नये. ती लहान करावी. ध्यानाऐवजी नामस्मरण, कीर्तन, वारी, सेवा अशी चार माणसांत होणारी साधना विलग व सीमावर्ती रुग्णांना अधिक मानवते.
३. भेटीची वेळ ठरलेली असावी व ती पाळावी. सीमावर्ती रुग्णाला अवेळी दिलेले अमर्याद आश्वासन आणि त्यानंतरचा त्रागा, दोन्ही अपाय करतात.
४. रुग्णाच्या श्रद्धेशी वाद घालू नये. 'तुम्हाला साक्षात्कार झालेला नाही' असे म्हणण्यापेक्षा 'आईशी बोलणे कसे चालले आहे?' हा प्रश्न अधिक काम करतो.
५. त्याच्या गुरूशी, रुग्णाच्या संमतीने, संपर्क साधावा. समंजस गुरू औषध घेण्यास सांगतात, आणि त्यांचा एक शब्द आपल्या दहा शब्दांहून बलवान ठरतो.
६. मरणाची भाषा, स्वतःला इजा, अन्नत्याग, आवाज ऐकू येणे, अनेक रात्रींचा निद्रानाश यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपली जवळची ठिकाणे होत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावावा. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवण्यास नातेवाइकांना त्याच वेळी सांगावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश आहे. ही मान्यता जबाबदारीही आणते. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भयाने रुग्ण लपवून ठेवण्याचे कारण नाही, हे कुटुंबाला सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

• मद्याचे व्यसन सोडविण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यास सारस्वतारिष्टासह कोणतेही आसव-अरिष्ट देऊ नये. त्यातील स्वयंजनित मद्यांशाने गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते. चूर्ण, वटी अथवा घृतकल्प सुचवून वैद्याकडे पाठवावे.
• लिथियम घेणाऱ्या रुग्णाने परस्पर रेचक घेऊ नये. शरीरातील जल व लवण घटल्यास रक्तातील लिथियम वाढून विषबाधा संभवते. वैद्यांनीही वमन-विरेचनापूर्वी हे विचारावे.
• भांग असलेले कल्प, उदा. जातीफलादि चूर्ण, 'ध्यान चांगले लागते' म्हणून कोणी मागितल्यास चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. जग स्वप्नवत् भासण्याची लक्षणे त्याने वाढू शकतात.
• निद्राकारक गोळ्या घेणाऱ्यास अश्वगंधा, जटामांसी देताना झापड वाढेल याची सूचना द्यावी. सर्पगंधा औदासीन्य असलेल्यास टाळावी.
• 'नैसर्गिक आहे, ते घ्या आणि तिकडची गोळी बंद करा' असे काउंटरवरून कधीही सांगू नये.

उपसंहार

पातंजल योगसूत्रांत चित्तविक्षेप करणाऱ्या नऊ अंतरायांत पहिला क्रमांक व्याधीचा आहे. योग्याच्या वाटेवरील पहिला अडथळा दूर करण्याचे काम अशा रीतीने वैद्याकडेच येते. ते करण्यासाठी वैद्याने गुरू होण्याची आवश्यकता नाही. रुग्णाच्या अनुभवाला खरे-खोटे ठरविण्याचा अधिकारही आपला नव्हे. त्याची झोप, त्याचे अन्न, त्याचे संबंध आणि त्याचे जीवित यांची चौकशी करणे एवढे आपले काम आहे, आणि ते पुरेसे आहे.

शेवटी, आठ अडथळ्यांत पहिला जो अहंकार, त्याच्या वर्णनात आचार्यांनी विद्या आणि प्रभाव यांचाही उल्लेख केला आहे. रुग्ण ज्याच्या पाया पडतो त्या वैद्याने तो शब्द स्वतःसाठीही वाचावा. वर सांगितलेला तरुण आज वडिलांबरोबर शेती पाहतो, औषधे घेतो, आणि एकादशीला गावच्या भजनात टाळ धरून बसतो. अद्यापही तो फारसा बोलत नाही. मी मात्र त्याला प्रत्येक भेटीत विचारतो.

॥ इत्यलम् ॥